नेब्रास्काला नवा कोच : हा तरी टिकेल का?

लिंकनकर | २९ नोव्हेंबर २०२२

इथे अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे कोणी आहेत का? नसलात तरी थांबा, नियम समजावत बसणार नाही. बॉल लांबट असतो आणि नावात फुट असला तरी पाय क्वचितच लागतो, एवढं पुरे.

मी अकरा वर्षं लिंकन, नेब्रास्का इथे राहतो. चहूकडे मका, मधोमध गाव. इथल्या सरकारी विद्यापीठाच्या टीमचं नावच कॉर्नहस्कर्स, म्हणजे कणसं सोलणारे. १९६२ पासून इथल्या मेमोरियल स्टेडियममधला प्रत्येक सामना हाऊसफुल्ल. सामन्याच्या शनिवारी आतली माणसं मोजली तर ते राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर होतं. १९७०, ७१, ९४, ९५ आणि ९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. टॉम ऑस्बर्न २५ वर्षं कोच होते, त्यात एकाही वर्षी नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत.

मग माज आला. २००३ मध्ये फ्रँक सोलिचना नऊ सामने जिंकून काढलं. २०१४ मध्ये बो पेलिनींना नऊ जिंकून काढलं. आता नऊ म्हटलं की लोक डोळे मिटतात.

२०१७ च्या शेवटी स्कॉट फ्रॉस्टला आणलं. नेब्रास्कातल्याच वुड रिव्हर गावचा पोरगा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (म्हणजे आक्रमण चालवणारा), आणि त्या हंगामात सेंट्रल फ्लोरिडाचा कोच म्हणून तेरापैकी तेरा जिंकलेला. ही निवड चुकीची आहे म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. मी ऑफिसात पेढे वाटले होते. हिशेब काय? १६ विजय, ३१ पराभव.

१० सप्टेंबरला मी स्टेडियममध्ये होतो. जॉर्जिया सदर्नसारख्या दुबळ्या टीमने घरात येऊन ४५-४२ हरवलं. माझ्या शेजारच्या सीटवर सत्तरीतले एक गृहस्थ असतात. वडिलांपासून चालत आलेलं तिकीट. कानात छोट्या रेडिओचा इअरफोन, कारण स्टेडियमच्या भोंग्यावर त्यांचा विश्वास नाही. सामना संपला तसा त्यांनी इअरफोन काढला, वायर दोन बोटांभोवती नीट गुंडाळली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. उठले मात्र नाहीत. मी त्यांच्यासाठी आणि ते माझ्यासाठी, असे आम्ही बराच वेळ बसून होतो. हातातला रन्झा गार झाला. (रन्झा म्हणजे इथला खिमा-कोबी भरलेला पाव.) दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट गेला. १ ऑक्टोबरला त्याला काढल्याबद्दल द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. तीन आठवडेही दम निघाला नाही.

आता मॅट रूल. आठ वर्षांचा करार, ७ कोटी ४० लाख डॉलर. टेम्पल कॉलेजात पहिल्या वर्षी २ विजय, तिसऱ्या वर्षी १०. बेलर कॉलेजात पहिल्या वर्षी १, तिसऱ्या वर्षी ११. मग व्यावसायिक संघाकडे, कॅरोलायना पँथर्सकडे गेला आणि ११-२७ (११ विजय, २७ पराभव) करून गेल्याच महिन्यात हाकलला गेला.

प्रश्न असा : अजून एक बॉलही उडालेला नाही. निवड बरोबर की चूक हे आज कशावरून ठरवायचं?

कोल्हापुरी_ठसका | २९ नोव्हेंबर २०२२

सहाशे कोटी रुपये?? सरकारी कॉलेजात?? आमच्या कॉलेजात पीटीचे सर पगारासाठी जिल्ह्याच्या हापिसात खेटे घालायचे राव.

वांगीभात | २९ नोव्हेंबर २०२२

@ठसका, करदात्यांचे नाहीत ते. टीव्हीचे. ह्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने, म्हणजे नेब्रास्का ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्याने, सात वर्षांचा सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केलाय.

लिंकनकर, मी ओमाहाची. रन्झा व्हेज पण होतो हो, कोबी-कांद्याबरोबर राजमा ठेचून घालायचा. पाककृती टाकते सवडीने.

शून्य_धावा | ३० नोव्हेंबर २०२२

मी नागपूरचा, मला तुमचं लांबट बॉलचं काही समजत नाही. पण प्रश्न समजला. भाऊ, विदर्भाला कोणी विचारत नव्हतं. चंद्रकांत पंडित आले, २०१७-१८ ला रणजी, २०१८-१९ ला परत रणजी. मग मध्य प्रदेशात गेले, ह्याच जूनमध्ये मुंबईला फायनलमध्ये हरवलं. तिथेही आधी कधी आली नव्हती रणजी. तर माझं म्हणणं, एकदा जमलं तर नशीब म्हणा. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दुबळ्या पोरांना घेऊन जमलं तर तो माणसाचा गुण. तुमच्या रूलचं दोन ठिकाणी जमलंय. घेऊन टाका.

खडूस | ३० नोव्हेंबर २०२२

पंडितांना हरल्यावर कोणी सात कोटी डॉलर देऊन घरी बसवत नव्हतं. ह्या करारात हरण्याचाच पगार जास्त आहे. मी असतो तर पहिल्याच वर्षी बाराही सामने हरलो असतो.

मॅनहॅटनवाला | ३० नोव्हेंबर २०२२

आधी खुलासा, हे मॅनहॅटन कॅन्ससमधलं. नातेवाईक अजून न्यूयॉर्क समजून विमानतळावर घ्यायला ये म्हणतात.

आमच्या कॅन्सस स्टेटची गोष्ट ऐका. १९८७ आणि ८८ ह्या दोन वर्षांत एकही विजय नव्हता. १९८९ ला बिल स्नायडर आला. कॉलेजात मुख्य कोच म्हणून त्याला काहीच अनुभव नव्हता, आयोवामध्ये सहायक होता. पहिल्या वर्षी फक्त १ सामना जिंकला. आजचे चाहते असते तर हाकलला असता. १९९८ ला ह्याच स्नायडरने तुमच्या नेब्रास्काला तीस वर्षांत पहिल्यांदा हरवलं. आज स्टेडियमला त्याच्या कुटुंबाचं नाव आहे.

त्यामुळे शून्य_धावा, तुमची कसोटी स्नायडरला लावली असती तर तो नापास झाला असता.

शून्य_धावा | ३० नोव्हेंबर २०२२

बाप्पा! मग उरलं काय, पत्रिका?

कोल्हापुरी_ठसका | १ डिसेंबर २०२२

माझे आजोबा बैलबाजारात ज्याला त्याला बरोबर लागायचे. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, पाठीवर थाप मारून कातडी थरथरते का बघायचे, हे तर सगळेच करतात. ते बैल चिखलातून चार पावलं चालवायला लावायचे. आणि मग विकणाऱ्याला एकच विचारायचे, "हा कुणाच्या रानात राबलाय?" काळ्या रानातला बैल आमच्या मुरमाड माळावर आला की दुसऱ्या दिवशी बसायचा. बैल वाईट नसायचा. रान वेगळं असायचं.

तुमचा फ्रॉस्ट फ्लोरिडात राबलेला. तिथे गल्लोगल्ली पळणारी पोरं. नेब्रास्कात मका.

लिंकनकर | १ डिसेंबर २०२२

ठसका, हे थेट काळजाला लागलं. इथे सगळे म्हणत होते घरचा मुलगा आहे, माती ओळखतो. पण तो १९९७ ची माती ओळखत होता.

वांगीभात | १ डिसेंबर २०२२

घरच्या मुलाला आणखी एक फायदा मिळतो, त्याला कोणी विचारत नाही. २०२१ मध्ये नऊ सामने हरला, नऊच्या नऊ सिंगल डिजिट फरकाने. बाहेरचा असता तर दुसऱ्या वर्षीच सामान बांधलं असतं. आपल्याकडे नाही का, दुकान बुडतंय दिसतं तरी गल्ल्यावर भाचाच.

मी नोकरीत मुलाखती घेते. पहिल्या दिवशी चांगलं बोलणारा आणि चांगलं काम करणारा ह्यांचा संबंध मला वीस वर्षांत सापडलेला नाही. मी बघते, येताना माणूस कोणाला बरोबर आणतो. स्वतःपेक्षा हुशार की जुने दोस्त?

खडूस | ३ जानेवारी २०२३

आक्रमणाचा कोच म्हणून मार्कस सॅटरफील्ड. टेम्पलचा दोस्त, बेलरचा दोस्त, पँथर्समधला दोस्त. वांगीभात ताई, तुमची परीक्षा सुरू.

लिंकनकर | ३ जानेवारी २०२३

बचावासाठी सिराक्यूजहून टोनी व्हाइट आणतोय, त्याच्याशी आधी कधी काम केलेलं नाही. अर्धे मार्क तरी द्या.

लिंकनकर | २५ नोव्हेंबर २०२३

धागा वर काढतोय. काल आयोवाशी हरलो. शेवटच्या सेकंदाला किक. १३-१०.

हंगामाची सुरुवात मिनेसोटाशी, शेवटच्या सेकंदाला किक, १३-१०. दोन आठवड्यांपूर्वी मेरिलँडशी, शेवटच्या सेकंदाला किक, १३-१०. हसू नका. ५ विजय, ७ पराभव. सहा जिंकले असते तर २०१६ नंतर पहिल्यांदा बोल गेम, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, मिळाला असता. त्यासाठी शेवटच्या चारपैकी एक हवा होता. चारही गेले.

खडूस | २५ नोव्हेंबर २०२३

१३-१० हा स्कोअर नाही, पिनकोड आहे.

वांगीभात | २५ नोव्हेंबर २०२३

हसून हसून पुरेवाट! पण बचाव बघा ना. प्रतिस्पर्ध्याला तेरावर रोखताय म्हणजे व्हाइट पास. आणि दोस्त... असो.

अवांतर : ३० ऑगस्टला ह्याच स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉल सामना झाला, ९२,००३ माणसं होती. मी होते. लेकीला खांद्यावर घेऊन उभी होते, अजून मान दुखते. व्हॉलीबॉलच्या कोचला, जॉन कुकला, कधी कोणी विचारलं का, तू तिसऱ्या वर्षी जिंकणार का म्हणून? जिंकणाऱ्या टीमचा कोच शोधायचाय तर फार लांब जायला नको, असं नवऱ्याला म्हटलं. तो दोन दिवस बोलला नाही.

मॅनहॅटनवाला | २६ नोव्हेंबर २०२३

पाचावर रडू नका. टेम्पलला पहिल्या वर्षी दोन होते, बेलरला एक. ह्या गतीने तिसऱ्या वर्षी विजेतेपदच. त्रैराशिक मांडा.

इंडियानाचा_पाहुणा | २० ऑक्टोबर २०२४

नमस्कार. नवीन सदस्य. ब्लूमिंग्टनला पीएच.डी. करतो. काल स्टेडियममध्ये होतो. धागा वाचत वाचत इथपर्यंत आलो. इंडियाना ५६, नेब्रास्का ७.

माफ करा, राहवलं नाही.

खडूस | २० ऑक्टोबर २०२४

स्वागत आहे. चपला बाहेर काढल्या का?

लिंकनकर | २० ऑक्टोबर २०२४

पाचपैकी... नाही, सहापैकी पाच जिंकून गेलो होतो हो आम्ही. टीव्ही तिसऱ्या क्वार्टरला बंद केला. पाहुणे, आता आलाच आहात तर नीट सांगा. तुमचं इंडियाना आमच्याहून कैक पटीने वाईट होतं. काय केलंत?

इंडियानाचा_पाहुणा | २१ ऑक्टोबर २०२४

सांगतो. गेल्या वर्षी आम्ही ३-९ होतो. सव्वाशे वर्षांहून जुनी टीम, पण एका हंगामात नऊच्या वर विजय कधीच नाही. इथे फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास. टॉम ॲलनला काढलं आणि कर्ट सिग्नेटी नावाच्या ६२ वर्षांच्या माणसाला आणलं. माझ्या लॅबमध्ये कोणी पेढे बिढे वाटले नाहीत. 'कोण?' एवढंच.

पण त्याचा रस्ता बघा. २००७ पासून चार वर्षं अलाबामात निक सेबन ह्या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली. तिथून मोठी नोकरी धरायची सोडून पगार कमी घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, दुसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजात मुख्य कोच झाला. मग ईलॉन कॉलेज. मग जेम्स मॅडिसन कॉलेज, तिथे ५२-९. मुख्य कोच म्हणून एकही हंगाम तोट्यात नाही. पत्रकारांनी विचारलं की खेळाडूंना तू तुझी कल्पना कशी विकतोस, तर म्हणाला, मी जिंकतो, गुगल करा. तेव्हा इथे लोक हसले होते.

आणि मुख्य मुद्दा. येताना जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू बरोबर घेऊन आला. ते पहिल्या दिवशी इतरांना शिकवत होते की ह्या घरात कसं वागायचं.

कोल्हापुरी_ठसका | २१ ऑक्टोबर २०२४

म्हणजे बैलाबरोबर रानसुद्धा उचलून आणलं. नाद खुळा!

मॅनहॅटनवाला | २१ ऑक्टोबर २०२४

इथे माझं त्रैराशिक चुकलं, कबूल. रूलने टेम्पल-बेलरला जे केलं ते जुन्या नियमांत केलं. तेव्हा कॉलेज बदललं की खेळाडूला सहसा एक वर्ष बसावं लागायचं. अठरा वर्षांची पोरं आणायची, दोन वर्षं मार खायचा, तिसऱ्या वर्षी तीच पोरं एकवीसची होऊन मारायला लागायची. पोरं कुठे जात नव्हती म्हणून ते जमायचं. २०२१ पासून न बसता बदलता येतं, त्याच जुलैपासून जाहिरातीचे पैसेही घेता येतात. आता तुम्ही दोन वर्षं घडवलेलं पोरगं तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या अंगणात. स्नायडरची कथाही म्हाताऱ्यांना सांगायलाच बरी.

शून्य_धावा | २२ ऑक्टोबर २०२४

म्हणजे मी २०२२ ला म्हटलेलं 'दोन ठिकाणी जमलं' हे बरोबर, पण कोणत्या साली जमलं हे विचारायला पाहिजे होतं. ठसका भाऊंच्या आजोबांनी विचारलंच होतं.

खडूस | २२ ऑक्टोबर २०२४

एक काडी टाकतो. पाच ऑक्टोबरला नेहमी तळाशी असणाऱ्या व्हँडरबिल्टने बलाढ्य अलाबामाला ४०-३५ हरवलं. त्यांचा कोच क्लार्क ली. तिथलाच माजी खेळाडू, घरचाच मुलगा. पहिली तीन वर्षं २-१०, ५-७, २-१०. काढला नाही. त्या रात्री पोरांनी गोलपोस्ट उपटून खांद्यावरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत विसर्जन केलं. तुमची धीर, घरचा मुलगा, रान, सगळी गणितं घाला त्याच नदीत.

वांगीभात | २२ ऑक्टोबर २०२४

पुढच्या वर्षी लवकर या म्हणाले का?

लिंकनकर | ३० नोव्हेंबर २०२४

आयोवा. शेवटच्या सेकंदाला किक.

खडूस | ३० नोव्हेंबर २०२४

नको सांगू.

लिंकनकर | ३० नोव्हेंबर २०२४

१३-१०.

वांगीभात | ३० नोव्हेंबर २०२४

अहो, पण बोल गेम मिळाला ना! आठ वर्षांनी. दोस्ताच्या हातून आक्रमण काढून डॅना होल्गरसनकडे दिलं, तेही ह्याच महिन्यात. माझं म्हणणं खरं ठरायला दोन वर्षं लागली, तेवढं लिहून ठेवा.

मॅनहॅटनवाला | ३१ ऑक्टोबर २०२५

करार वाढवला! २०३२ पर्यंत. पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला मधूनच काढलं, रूल मूळचा पेन स्टेटचा खेळाडू, तिकडे जाईल अशी कुजबुज होती, म्हणून घाबरून वाढवला असं इथे सगळे म्हणतायत. लिंकनकर, कुठे आहात?

लिंकनकर | १ नोव्हेंबर २०२५

इथेच. खरं सांगू? करार वाढवल्याचं कळल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला. २०१४ ला नऊ जिंकणारा माणूस नकोसा झाला होता मला. आता सहा जिंकणारा सोडून जाईल म्हणून जीव खालीवर. सुंभ जळला, आणि ह्या वेळी पीळ पण जळला.

खडूस | २८ डिसेंबर २०२५

तिसरं वर्ष, ती प्रसिद्ध तिसऱ्या वर्षाची जादू : पेन स्टेटकडून ३७-१०, आयोवाकडून ४०-१६. बोल गेममध्ये युटाकडून ४४-२२. एकूण सातच विजय. निदान आयोवाने ह्या वेळी पिनकोड बदलला.

(संपादन : ४४-२२ सामन्यानंतर घातलंय. भविष्य सांगता येत असतं तर मीच कोच झालो असतो.)

इंडियानाचा_पाहुणा | २० जानेवारी २०२६

सोळापैकी सोळा. मायामीला २७-२१. राष्ट्रीय विजेते. आम्ही! रात्रभर कर्कवूड अव्हेन्यूवर होतो, आवाज बसलाय, थीसिसच्या गाईडला मेल करून सांगितलं की आज येत नाही, तर त्यांचंच उत्तर आलं की मीही नाही.

लिंकनकर, तुमच्यासाठी एक खास : डिसेंबरमध्ये ओहायो स्टेटला हरवून बिग टेन जिंकलो, तो स्कोअर आठवतोय का?

लिंकनकर | २० जानेवारी २०२६

१३-१०. बघितला होता. बायको म्हणाली, का हसताय, तर सांगता येईना.

अभिनंदन, मनापासून. आता मूळ प्रश्नाचं. तीन वर्षं हा धागा चालला, मी आज पहिल्यापासून वाचला. माझी चूक अशी की मी 'रूल चांगला कोच आहे का' हे विचारत होतो. तो चांगला आहेच. त्याने आम्हाला ४-८ मधून बाहेर काढलं, सलग दोन वर्षं सात जिंकून दिले, घर नीट लावलं. पण त्याला नेमणाऱ्यांनी २०२२ साली २०१९ चा माणूस नेमला. इंडियानाने नेमताना ज्याची टीम गेल्याच महिन्यापर्यंत जिंकत होती तो घेतला, आणि त्याची टीमही घेतली. हे तेव्हाच दिसत होतं, निकालाची वाट बघायची गरज नव्हती. मी रूलच्या बातम्यांत तिसऱ्या वर्षाचे आकडे वाचत होतो, कारण मला तीन वर्षांनी सुख मिळणार हे ऐकायचं होतं.

मॅनहॅटनवाला | २० जानेवारी २०२६

असहमत. सिग्नेटी जिंकला म्हणून आता तो रस्ता शहाणपणाचा वाटतो. लहान कॉलेजातून जिंकत येऊन मोठ्या ठिकाणी आपटलेले ढीगभर आहेत, तुमचा फ्रॉस्टच त्यातला. तोही आदल्या महिन्यापर्यंत जिंकतच होता!

लिंकनकर | २० जानेवारी २०२६

...हो की. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कोल्हापुरी_ठसका | २१ जानेवारी २०२६

फरक आहे. फ्रॉस्ट मुख्य कोच म्हणून दोनच वर्षं राबलेला, एकाच रानात. सिग्नेटी तेरा वर्षं, तीन रानांत. आजोबा तेपण विचारायचे, किती हंगाम झाले जुंपून. मी २०२२ ला लिहायला विसरलो.

शून्य_धावा | २१ जानेवारी २०२६

सहाशे कोटींचा सल्ला अर्धाच दिला होता होय!

लिंकनकर | २१ जानेवारी २०२६

शेजारच्या सीटवरच्या आजोबांना परवा किराणा दुकानात भेटलो. पुढच्या हंगामाचं तिकीट घेणार का विचारलं. माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना श्वास घेणार का विचारलंय. म्हणाले, रेडिओचे सेल घ्यायलाच आलोय.

खडूस | २१ जानेवारी २०२६

सगळं झालं. व्हेज रन्झाची पाककृती कुठाय? सव्वातीन वर्षं झाली.

वांगीभात | २१ जानेवारी २०२६

तिसऱ्या वर्षी येणार होती, आता करार वाढवून घेतलाय.